नव्व्याण्णव टक्के कशाचे? क्रोम परत मिळवणाऱ्या संयंत्राचा चौदा महिन्यांचा अनुभव

कातडी कमावण्याच्या आमच्या कारखान्यात सांडपाण्यातून क्रोम (कमावणीत लागणारे क्रोमियमचे क्षार) परत मिळवणारे एक संयंत्र बसवले, त्याला आता चौदा महिने पूर्ण झाले आहेत. खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी अशा संयंत्रांविषयी जे काही मी वाचले, ते एक तर विक्रेत्यांनी लिहिलेले होते किंवा ज्यांचे काम चंचुपात्रापलीकडे गेलेले नाही अशांनी. रोज ड्रम (कातडी कमावण्याचे फिरते पिंप) चालवणाऱ्या माणसाने लिहिलेले फारसे काही हाती लागले नाही. ती उणीव थोडीफार भरून निघावी म्हणून हे लिहीत आहे. बनवणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या काही कंपनीच्या खात्यावर जातात, तर काही निखालस आमच्या, आणि या पद्धतीची संयंत्रे अनेक जण बनवतात. यंत्राच्या पाटीवर कोणाचेही नाव असले तरी इथे लिहिलेले बरेचसे लागू पडेल.

मिठात टिकवलेले एक टन कच्चे कातडे कारखान्यात येते, तेव्हा त्यातून तयार चामडे निघते साधारण २०० ते २५० किलो. उरलेले सगळे कोणत्या ना कोणत्या रूपाने कचरा होते: झटकलेले आणि धुऊन काढलेले मीठ, चुना आणि सल्फाइडचे पाणी, केस, आतल्या बाजूने खरवडलेले मांस आणि चरबी, कडांची कातरण, जाडी सारखी करताना पडणारा निळा भुसा, आणि क्रोमचे उरलेले पाणी. हे संयंत्र यांपैकी फक्त शेवटच्या प्रकाराला हात लावते. ही मर्यादा सुरुवातीलाच सांगितलेली बरी, कारण विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘टॅनरीच्या सांडपाण्यावर संपूर्ण उपाय’ असे शब्द होते. संपूर्ण उपाय म्हणावे असे त्यात काही नाही. एका महत्त्वाच्या दुखण्यावरचे ते चांगले औषध आहे, इतकेच.

दुखणे मात्र जुने आहे. क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये घेतले आणि पुढे बहुतेक जगाने हीच पद्धत स्वीकारली. साल-पाल्याच्या कमावणीला जिथे आठवडे लागत, तिथे क्रोमने एका दिवसात काम होऊ लागले, आणि उकळत्या पाण्यातही न आक्रसणारे चामडे मिळू लागले. मात्र नेहमीच्या पद्धतीने कमावताना ड्रममध्ये घातलेल्या क्रोमपैकी ६० ते ७० टक्केच कातड्यात मुरते. बाकीचे निळसर हिरव्या पाण्यातून गटारात जाते. ते सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोचले की गाळात बसते, आणि एकदा क्रोम मिसळलेला गाळ शेतात टाकता येत नाही, जाळता येत नाही, पुरायला जागा शोधावी लागते. गटारात गेलेले क्रोम म्हणजे विकत घेतलेले रसायन फेकून देणे, आणि वर ते फेकल्याबद्दल पुन्हा पैसे भरणे.

संयंत्राची रचना कोणालाही समजेल अशी सोपी आहे. पहिली टाकी क्रोमचे पाणी साठवण्याची. तिच्या तोंडावर केस आणि कातडीचे तुकडे अडवणारी बारीक जाळी आणि तरंगणारी चरबी काढण्याचा कप्पा. दुसऱ्या टाकीत सावकाश फिरणारे पाते असून तिथे मॅग्नेशियम ऑक्साइडची पातळ लापशी मिसळली जाते. त्यामुळे पाण्याचा सामू (pH) चारच्या खालून साडेआठच्या आसपास चढतो आणि क्रोमियम हायड्रॉक्साइडचा साका तयार होतो. साका खाली बसला की वरची निवळ काढून टाकायची, आणि खालच्या घट्ट साक्यात तिसऱ्या टाकीत हळूहळू सल्फ्युरिक आम्ल सोडून सामू अडीचपर्यंत खाली आणायचा. साका विरघळतो आणि पुन्हा क्रोमियम सल्फेटचे द्रावण हाती येते, जे चौथ्या टाकीतून ड्रमकडे जाते. फिरणारे भाग मोजके आहेत. टाक्या आम्लाला दाद न देणाऱ्या फायबर-प्लास्टिकच्या आहेत आणि चौदा महिन्यांत त्यांतली एकही पाझरलेली नाही. बांधणीबद्दल कंपनीला पूर्ण गुण द्यायला हवेत.

साका पाडण्यासाठी कॉस्टिक सोडा किंवा सोडा अॅशही चालतो आणि तो स्वस्तातही पडतो, असे आम्हाला काही जणांनी सुचवले होते. दोन्ही बादलीत करून पाहिले. कॉस्टिकने पडणारा साका शेवाळासारखा फुगीर असतो, तासन्‌तास तरंगत राहतो आणि फिल्टर प्रेसशिवाय आटोक्यात येत नाही. शिवाय हात जरा जड पडला तर सामू इतका वर जातो की बसलेले क्रोम पुन्हा विरघळू लागते. मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्यात जेमतेमच विरघळते, त्यामुळे ते जास्त पडले तरी सामू एका मर्यादेपलीकडे चढत नाही. साका दाणेदार आणि जड पडतो. रात्रपाळीवरच्या माणसाच्या हातून चूक होणारच, हे गृहीत धरले तर ही सोय मोठी आहे आणि किमतीतला फरक तिच्यापुढे किरकोळ आहे.

पहिली यशस्वी घाणी, म्हणजे एका वेळी प्रक्रिया केलेला माल, अजून डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळी पाते थांबवले तेव्हा टाकीत पोपटी-राखाडी रंगाचे दाट पाणी होते आणि त्यात काही निवळेल असे कोणालाही वाटत नव्हते. सकाळी झाकण उघडून विजेरी मारली तर प्रकाश थेट खाली गेला. वरचे पाणी विहिरीच्या पाण्यासारखे स्वच्छ, आणि तळाशी गडद हिरवा थर, काठीने ढवळला तर पिठल्यासारखा जड. पाच हजार लिटरचे जेमतेम पाचशे लिटर झाले होते. निवळीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तेव्हा त्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅमपेक्षाही कमी क्रोम निघाले. मूळ पाण्यात ते लिटरमागे तीन ग्रॅमच्या वर होते.

ही मात्र पहिली घाणी नव्हती, पहिली यशस्वी घाणी होती. त्याआधीचे पाच आठवडे वाया गेले, आणि ते का गेले हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या एका गोष्टीविषयी आम्हाला कोणीच सावध केले नव्हते. आम्ही टाकीत मॅग्नेशियम ऑक्साइड घालत होतो, पाते फिरत होते आणि सामू साडेसहाच्या पुढे हलायला तयार नव्हता. आणखी घातले, तरी तेच. तळाशी पांढरी पूड जशीच्या तशी बसलेली दिसे आणि वरचे पाणी निळेच्या निळे. कंपनीच्या अभियंत्याने आधी सामूमापकावर संशय घेतला, मग आमच्या पाण्यावर, मग आमच्या माणसांवर. शेवटी आमच्याच रसायन खरेदीदाराच्या लक्षात आले की आपण आणलेला माल भट्टीच्या विटांसाठी वापरतात तो, म्हणजे फार उच्च तापमानाला भाजलेला आहे. मॅग्नेशियम ऑक्साइड जितके जास्त भाजावे तितके ते निर्जीव होत जाते. रासायनिक सूत्र तेच राहते, पण आम्लाशी त्याची क्रिया इतकी मंदावते की आमच्या कामापुरते ते वाळूच्याच मोलाचे. आपल्याला हवे असते ते कमी तापमानाला भाजलेले, हलके, बारीक पुडीचे. माहितीपत्रिकेत फक्त ‘मॅग्नेशियम ऑक्साइड’ असे दोन शब्द होते. हलक्या भाजणीचा माल आला आणि दोन तासांत सामू आठच्या वर गेला. हे एक वाक्य पुस्तिकेत छापायला कंपनीला काय अडचण होती, हे मला अजून उमगलेले नाही.

त्याच मालाच्या शुद्धतेने पुढे दुसरा धडा दिला. मधल्या काळात खर्च वाचवण्यासाठी कमी शुद्धतेची एक खेप घेतली. साका उत्तम पडला, म्हणून आम्ही खुशीत होतो. तीन आठवड्यांनी तिसऱ्या टाकीतून बाहेर जाणारी नळी हळूहळू बंद होत गेली. ती सोडवून उभी धरली आणि पान्याने ठोकली, तर दगडावर ठोकल्यासारखा आवाज आला; आत बोटभर जाडीचा पांढरा थर होता आणि मधे पेन्सिल जाईल एवढेच भोक उरले होते. मालात चुना होता. चुन्यावर सल्फ्युरिक आम्ल पडले की जिप्सम होते, आणि जिप्सम आम्लातही नीट विरघळत नाही. छिन्नीने तो थर फोडण्यात एक पूर्ण रविवार गेला. यात कंपनीचा काही दोष नाही. स्वस्ताई आमचीच होती.

चरबीचा कप्पा हा या संयंत्राचा सर्वांत कच्चा दुवा. क्रोमच्या पाण्यावर थंड झाल्यावर पिवळट साय धरते, विशेषतः मेंढीच्या कातडीच्या घाणीनंतर. ती साक्यात गेली तर साका चिकट होतो आणि विरघळवल्यावर द्रावणाला तेलकट तवंग येतो. कंपनीने दिलेला कप्पा इतका उथळ होता की पंप सुरू होताच साय पाण्याबरोबर खाली ओढली जाई. आम्ही शेवटी स्वतःच एक खोल कुंडी बांधली, तिच्यात मध्ये आडवी फळी घातली आणि पाणी खालून काढायला सुरुवात केली. आता रोज सकाळी एक माणूस झाऱ्याने साय काढतो. बाजारात या कामासाठी स्वयंचलित पट्टे मिळतात, पण आमच्या आकाराच्या कारखान्याला झारा पुरतो.

आता ज्या गोष्टीवर या संयंत्राचे खरे यश ठरते तिच्याकडे येतो. ती गोष्ट संयंत्रात नाही. ती ड्रमच्या खाली, फरशीवर आहे. क्रोमचे पाणी इतर कोणत्याही पाण्यात न मिसळता वेगळे गोळा झाले, तरच ते परत मिळवण्याच्या लायकीचे राहते. आमच्याकडे सगळ्या ड्रमांचे पाणी वर्षानुवर्षे एकाच उघड्या गटारातून वाहत होते. विक्रेत्याचा माणूस पाहणीला आला तेव्हा त्याने याच गटाराला एक झडप लावून ‘गरजेप्रमाणे इकडे-तिकडे वळवा’ असा सल्ला दिला होता. हा सल्ला आम्ही ऐकला नाही, हे आमचे नशीब. चुन्याच्या ड्रममधून (इथे कातड्यावरचे केस काढतात) निघणाऱ्या पाण्यात सोडियम सल्फाइड असते. सामू बाराच्या वर असतो तोवर सल्फाइड पाण्यात शांत राहते, पण त्यात क्रोमचे किंवा लोणवणीचे (कमावणीआधी कातडे मीठ आणि आम्लाच्या पाण्यात मुरवतात त्याचे) आम्लयुक्त पाणी मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू मोकळा होतो. हा वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो. हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते, म्हणजे धोका वाढतो तेव्हाच इशारा बंद होतो. टॅनरीच्या टाक्यांत आणि गटारांत उतरलेली माणसे अशीच गेली आहेत. म्हणून झडप नको. स्वतंत्र नळच हवा, तोही झाकलेला, वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या दिशेने जाणारा. आम्ही क्रोमच्या ड्रमांखाली स्वतंत्र पन्हळ बसवली आणि चुन्याच्या ड्रमांची जागाच बदलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेली. खर्च आणि त्रास दोन्ही संयंत्राच्या उभारणीपेक्षा जास्त झाले. सल्फाइडच्या पाण्यासाठी आता वेगळी टाकी आहे आणि तिथे मॅंगनीज सल्फेट घालून हवा फुंकतो. त्या कामाशी या संयंत्राचा संबंध नाही, पण ते न करता क्रोमकडे वळणे म्हणजे घराला आग लागलेली असताना खिडक्या पुसण्यासारखे आहे.

माहितीपत्रिकेतला ‘९९ टक्के पुनर्प्राप्ती’ हा आकडा पाहून कोणीही हुरळून जाईल. मीही गेलो होतो. आकडा खोटा नाही. संयंत्रात आलेल्या पाण्यातल्या क्रोमपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त क्रोम साक्यात बसते, हे आमच्या तपासण्यांतही दिसले. पण प्रश्न विचारायला हवा तो ‘कशाचे नव्व्याण्णव टक्के’ असा. आमच्याकडे ड्रममध्ये शंभर किलो क्रोम (क्रोमियम ऑक्साइडच्या रूपात मोजलेले) जाते असे धरले, तर सुमारे ६८ किलो कातड्यात मुरते. बाकीच्या ३२ पैकी गोळा करण्याजोगे पाणी म्हणून हाती येते ते सुमारे २४ किलोचे; उरलेले आठ किलो नंतरच्या धुण्याच्या पाण्यात, कातडी पिळून काढताना यंत्रातून गळणाऱ्या थेंबांत आणि पुढच्या पुनर्कमावणीत (कमावलेले कातडे पुन्हा कमावताना) पातळ होऊन जाते. ते इतके विरळ असते की त्यामागे लागणे परवडत नाही. त्या २४ किलोंपैकी काही घाण्या चरबीमुळे किंवा चुकीच्या मिसळणीमुळे टाकून द्याव्या लागतात. म्हणजे शंभरपैकी खरोखर परत ड्रममध्ये जाणारे वीस-बावीस. आमची ताज्या क्रोमची खरेदी साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली, आणि कारखान्याच्या आकाराला ही बचत चांगलीच आहे. पण ती नव्व्याण्णव नव्हे. हे गणित ज्याने आधी करून घेतले त्याची निराशा होणार नाही.

कातड्यात मुरलेले ६८ किलोही सगळे चामड्याबरोबर दुकानात जात नाहीत. जाडी सारखी करताना निळा भुसा पडतो आणि त्यातून त्यांतला मोठा वाटा पुन्हा कचऱ्यात येतो. हा भुसा मऊ, ओलसर आणि आकाशी रंगाचा असतो. पोत्यात भरला की निरुपद्रवी वाटतो. विक्रेत्याने संयंत्राबरोबर भुसा उचलून नेण्याची सेवाही देऊ केली होती, आणि तिच्याविषयी चांगले बोलण्यासारखे माझ्याकडे काही नाही. महिन्यातून दोनदा येणारी गाडी तीन महिन्यांत चारदाच आली. भुसा कुठे जातो, या प्रश्नाला आधी ‘चामड्याच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात’ आणि नंतर ‘इंधन म्हणून’ असे दोन वेगवेगळे उत्तर मिळाले. पुठ्ठा ठीक, भुसा कुटून, चिकटवून, दाबून त्याचे बुटांच्या आतले तळवे करतात, हा जुना आणि रास्त उपयोग आहे. इंधन म्हणून उघड्यावर जाळणे मात्र मुळीच ठीक नाही. कमावणीत वापरले जाते ते त्रिसंयुजी क्रोम. हवा, उष्णता आणि अल्कली एकत्र आले की त्यातले काही षट्संयुजी रूपात जाते, आणि ते रूप पाण्यात सहज विरघळणारे, विषारी व कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने मे २०१५ पासून कातडीला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत षट्संयुजी क्रोमवर किलोमागे तीन मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे ती उगीच नव्हे. भुसा जाळून राख वाऱ्यावर सोडणाऱ्याच्या हाती आपण पोती सोपवणार असलो, तर मागच्या दाराने केलेले पाप पुढच्या दाराच्या पुण्याने फिटत नाही. ती सेवा आम्ही बंद केली आणि पुठ्ठा बनवणाऱ्याशी थेट व्यवहार ठरवला.

भुशातून क्रोम आणि प्रथिने वेगळी काढण्याचा मार्गही आहे. अल्कली आणि विकर (एन्झाइम) यांच्या साहाय्याने गरम पाण्यात भुसा विरघळवायचा. आधी जिलेटिनसारखा भाग निघतो, मग प्रथिनांचे पातळ द्रावण, आणि मागे क्रोमची पोळी उरते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात यावर बरेच काम केले. आम्ही दोनशे लिटरच्या पिंपात एकदा करून पाहिले. काम होते, पण वाफ, वेळ आणि विकराचा खर्च धरता आमच्या मापाच्या एकट्या कारखान्याला ते झेपणारे नाही. अनेक टॅनऱ्यांनी मिळून केले तर गोष्ट वेगळी.

परत मिळवलेल्या क्रोमने चामडे कसे होते, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. आमचा सर्वांत जुना ड्रमवाला हे द्रावण पहिल्यांदा आणले तेव्हा म्हणाला होता, “साहेब, वापरलेलं पाणी परत घातलं तर कातडं रुसेल.” कातडे अगदीच रुसले नाही, पण थोडे कुरकुरले. शंभर टक्के परत मिळवलेल्या क्रोमने एक घाणी केली तेव्हा निळा रंग मळकट आला आणि पाठीच्या भागावर ढगाळ डाग पडले. द्रावणात उरलेली प्रथिने आणि चरबी यांचा तो परिणाम. मग हळूहळू प्रमाण कमी करत गेलो. आता एकूण क्रोमच्या चतुर्थांशापर्यंत जुने आणि बाकी ताजे असे घालतो, आणि तेही बुटांच्या काळ्या व गडद तपकिरी वरच्या चामड्यासाठी आणि अस्तरांसाठी. फिक्या रंगाच्या, उघड्या पोताच्या मालाला अजून ताजेच क्रोम जाते. उकळीची चाचणी प्रत्येक घाणीला करतो: कातड्याचा तुकडा कागदावर ठेवून पेन्सिलने कड आखायची, तो तीन मिनिटे उकळत्या पाण्यात धरायचा आणि पुन्हा त्याच आखणीवर ठेवून पाहायचा. मिश्र क्रोमच्या एकाही घाणीचा तुकडा रेघेच्या आत शिरलेला नाही. जुन्या द्रावणात क्रोम किती आहे आणि त्याची बेसिसिटी (क्रोमच्या क्षाराच्या अल्कधर्मीपणाचे माप) किती, हे प्रत्येक वेळी तपासूनच ताज्याचे प्रमाण ठरवावे लागते, कारण दोन घाण्यांची द्रावणे कधीच सारखी नसतात. ज्या कारखान्यात साधे अनुमापनही (टायट्रेशन) करता येणारे माणूस नाही, त्याने हे संयंत्र घेऊ नये.

साका पडल्यावर तो लवकर विरघळवावा, हेही अनुभवानेच कळले. दोन दिवसांच्या सुट्टीत टाकीत पडून राहिलेला साका आम्लाला सहजी दाद देईना. क्रोमियम हायड्रॉक्साइड जुने होत गेले की आतून घट्ट बांधले जाते, आणि मग आम्ल जास्त लागते व वेळही. सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही आता साका पाडतच नाही, पाणी पहिल्या टाकीत तसेच ठेवतो.

निवळीविषयी माहितीपत्रिकेत ‘बागेला वापरता येईल इतके शुद्ध पाणी’ असे म्हटले आहे. क्रोमच्या बाबतीत पाणी शुद्ध आहे हे मान्य, पण लोणवणीतले मीठ त्यात जसेच्या तसे असते आणि वर मॅग्नेशियम सल्फेटची भर पडलेली असते. तोंडात एक थेंब घेतला तरी समुद्राची आठवण येईल अशी त्याची चव आहे, असे आमच्या एका कामगाराने परस्पर सांगितले. मी स्वतः ती घेतलेली नाही आणि कोणी घेऊही नये. असे पाणी बागेला घातले तर एका हंगामात माती पांढरी पडेल. आम्ही त्याचा काही भाग पुढच्या घाणीच्या लोणवणीत वापरतो, कारण तिथे मीठ लागतेच, आणि बाकीचे सांडपाणी केंद्रात पाठवतो. मिठाचा प्रश्न हे संयंत्र सोडवत नाही. तो कच्चे कातडे भिजवण्याआधी झटकून जितका कमी करता येईल तितकाच स्वस्तात कमी होतो. पाण्यात उतरलेले मीठ परत काढणे म्हणजे पडदागाळणी आणि बाष्पीभवन, आणि त्याचा खर्च वेगळ्याच पातळीवरचा.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मत फारसे बरे नाही. पहिल्या दोन महिन्यांत अभियंता बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी हजर होई. हमीचा काळ संपत आला तसतसे बोलावणे आणि त्याचे येणे यांतले अंतर वाढत गेले. सामूमापकाची काचेची कांडी हा रोज झिजणारा भाग. तिच्यावर चरबी आणि साक्याचा लेप बसतो आणि ती खरे न सांगता जुनाच आकडा दाखवत राहते. एकदा तिने साडेआठ दाखवले तेव्हा टाकीतला खरा सामू सातच्या आसपास होता, आणि संपूर्ण घाणीची निवळ हिरवी गेली. बदली कांडीला सात आठवडे लागले. तेव्हापासून आम्ही कांडी दर पाळीला सौम्य आम्लात बुडवतो, दर सोमवारी ज्ञात सामूच्या दोन द्रावणांत तपासतो आणि हातात सामूचा कागद ठेवतोच. वापराची पुस्तिका बारीक टंकात आहे, आणि तिच्यात आम्ल पाण्यात सोडायचे की पाणी आम्लात याविषयी जो इशारा असायला हवा होता तो एका आकृतीच्या खाली दडलेला आहे. आम्ही तो मोठ्या अक्षरांत लिहून तिसऱ्या टाकीवर चिकटवला आहे.

आज पुन्हा सुरुवात करायची असती तर क्रम उलटा केला असता. संयंत्र बसवल्यावर सहा महिन्यांनी आम्ही कमावणीचीच रीत बदलली: ड्रममध्ये पाणी कमी ठेवले, शेवटच्या टप्प्यात तापमान चाळीस अंशांपर्यंत वाढवले, सामू चारच्या जवळ सावकाश नेला आणि ड्रम काही तास जास्त फिरवला. एवढ्यानेच कातड्यात मुरणारे क्रोम वाढले आणि उरलेल्या पाण्यात लिटरमागे तीन ग्रॅमऐवजी दीड ग्रॅमच्या खाली आले. वर लिहिलेले २४ किलो आता त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी भरतात, आणि रोज चालणारे संयंत्र आता दोन दिवसांआड चालते. म्हणजे आधी रीत सुधारली असती तर निम्म्या आकाराचे यंत्र पुरले असते. विक्रेत्याने मागच्या महिन्यात दुप्पट क्षमतेच्या नव्या नमुन्याचे दरपत्रक पाठवले आहे. ते मी फायलीत लावले. कंपनीकडे मागणी नोंदवली ती फक्त दोन कांड्यांची, तिसऱ्या टाकीच्या नळीसाठी एका जोडणीची आणि पुस्तिकेच्या सुधारित प्रतीची, जी अजून आलेली नाही.